जहाजाचं जुनं होकायंत्र घ्यायचंय? बिनॅकलसकट (म्हणजे त्याच्या स्टँडसकट) कसं पारखायचं आणि घरी कसं ठेवायचं

चार-साडेचार फुटी सागवानी खांब, वर पितळेचं घुमटासारखं झाकण, दोन्ही अंगांना एक लाल आणि एक हिरवा असे दोन जाडजूड गोळे, झाकणाच्या कडेला छोटे दिवे. दिवाणखान्यात ही वस्तू उभी केली की येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडेच जातो, त्यामुळे ती घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. अडचण एवढीच की फोटोत सगळीच बिनॅकल सारखी दिसतात आणि दुकानदार सगळ्यांनाच अँटिक म्हणतो. शोपीस म्हणून काहीही घ्या, कोणी अडवत नाही. पण खरी वस्तू हवी असेल तर बाहेरची चकाकी शेवटी बघायची आणि आतली कामं आधी, आणि आतली कामं कशी बघायची तेच इथे पायरीपायरीने सांगतोय.

पायरी १. हे आहे तरी काय, ते आधी समजून घ्या

होकायंत्र म्हणजे फक्त वरचं वाडगं. पितळेचं, वर काच असलेलं, आत टोकदार खिळीवर तोललेलं गोल कार्ड आणि कार्डाच्या पोटाशी चुंबकाच्या सुया. नवख्या माणसाला वाटतं की कार्ड फिरतं, प्रत्यक्षात कार्ड उत्तरेला धरून आपल्या जागी राहतं आणि त्याच्याभोवती जहाज फिरतं. वाडग्याच्या आतल्या भिंतीवर एक उभी काळी रेघ असते, तिला लबर लाइन म्हणतात, ती जहाजाच्या नाकाची दिशा. सुकाणी चाकावर उभा राहून तेवढंच बघत असतो, रेघेसमोर कार्डावरचा कुठला आकडा आलाय ते. वाडगं एकात एक अशा दोन कड्यांमध्ये टांगलेलं असतं, ते गिंबल. जहाज कितीही डुललं तरी वाडगं आडवं राहावं म्हणून.

खालचा स्टँड, म्हणजे बिनॅकल, हा नुसता स्टूल नाही, आणि गंमत सगळी इथेच आहे. लाकडी जहाजांच्या काळात स्टँड म्हणजे होकायंत्र आणि दिवा ठेवायची पेटी, बास. मग जहाजं लोखंडाची झाली आणि होकायंत्र भलतंच दाखवायला लागलं, कारण आख्खं जहाजच एक मोठं चुंबक. १८३८ मध्ये जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने रेनबो नावाच्या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून दाखवलं की होकायंत्राजवळ योग्य जागी चुंबक आणि मऊ लोखंड (स्वतः चुंबकत्व धरून न ठेवणारं) ठेवलं तर जहाजाचा हा परिणाम बराचसा मारता येतो. पुढे ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने, हाच पुढे लॉर्ड केल्विन झाला, १८७६ मध्ये नव्या होकायंत्राचं पेटंट घेतलं आणि हे सगळे इलाज एकाच स्टँडमध्ये नीट बसवले. आज आपण ज्याला बिनॅकल म्हणतो तो ढाचा तिथून आला.

तर स्टँडमध्ये बघायच्या गोष्टी अशा. पुढच्या किंवा मागच्या बाजूला छोटं दार, ते उघडलं की आत आडव्या खाचा किंवा भोकांची ओळ, त्यात पेन्सिलीएवढे चुंबकाचे दांडे घालायचे, काही जहाजाच्या लांबीला समांतर, काही आडवे. मधोमध वर-खाली होणारी पितळी नळी किंवा बादली, साखळीला टांगलेली, तिच्यात उभा चुंबक, जहाज एका कुशीवर कललं की होणारी चूक मारायला. बाजूचे दोन गोळे मऊ लोखंडाचे, ब्रॅकेटवर आत-बाहेर सरकणारे. आणि पुढच्या अंगाला उभी पितळी नळी असेल तर तिच्यात मऊ लोखंडाचे तुकडे असतात, ती फ्लिंडर्स बार. मॅथ्यू फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजत होता तेव्हा जहाजातल्या लोखंडाने होकायंत्र कसं चुकतं याच्या त्याने बारकाईने नोंदी केल्या होत्या, त्याचं नाव या दांड्याला चिकटलं.

एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. कारण नकली स्टँडमध्ये दार असतं पण आत खाचाच नसतात, गोळे असतात पण ते सरकत नाहीत.

पायरी २. तुम्हाला यातलं कुठलं हवंय ते ठरवा

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचा माल आहे.

एक म्हणजे खरा जुना, साधारण १८८० ते दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा. सागवान किंवा महोगनी, भरपूर पितळ, तेलाचे दिवे. हा कमी मिळतो आणि मिळाला तर बहुतेक वेळा काहीतरी गायब असतं.

दुसरा म्हणजे जहाजतोडणीचा माल. गुजरातमध्ये भावनगरजवळ अलंग आहे, तिथे १९८३ पासून जहाजं फोडतात आणि त्रापज ते अलंग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजातल्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. आपल्याकडे मुंबईत दारूखाना हा जुना अड्डा, आणि तिथला माल फिरत फिरत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर येतो. इथे मिळणारी बिनॅकल खरीखुरी जहाजावरची असतात, फक्त बरीचशी जुनी नसतात. एक लक्षात घ्या, आजही सोलास या समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या जहाजावर विजेवर न चालणारं चुंबकीय होकायंत्र ठेवावंच लागतं, जीपीएस असो नाहीतर विजेवरचं जायरो होकायंत्र. म्हणजे १९८५ चं जहाज फोडलं तरी त्यातून बिनॅकल निघणारच. टोकियो केइकी, साउरा असली जपानी नावं, ॲल्युमिनियमचं किंवा फायबरचं अंग, आणि वाडग्याच्या खालून निघणारी जाड नळी. ही नळी म्हणजे होकायंत्र ब्रिजच्या (जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या) वरच्या गच्चीवर आणि सुकाणी खाली, त्याला आरशातून कार्ड दिसावं म्हणून केलेली सोय. असा नग वाईट नाही, उलट शिकायला उत्तम, सगळे चुंबक वगैरे जागेवर मिळण्याची शक्यता जास्त. फक्त अँटिकचा भाव देऊ नका.

तिसरा प्रकार म्हणजे रुरकी, मुरादाबादकडे नवीन बनणारा शोभेचा पितळी माल. कुलाबा कॉजवेवर जो चमचमतो तो. कारागिरी कधीकधी छान असते, शोपीस म्हणून सांगून विकला तर काहीच तक्रार नाही. तक्रार तेव्हा जेव्हा त्यावर ॲसिड मारून काळपट करतात आणि आजोबा बोटीवर होते अशी गोष्ट सोबत देतात.

माझं स्पष्ट मत, पहिल्यांदाच घेताय तर पूर्ण बिनॅकलच्या मागे लागू नका. लाकडी पेटीतलं लहान बोटीचं होकायंत्र घ्या, लाइफबोटीवर असायचं तसं. त्यावर हात बसवा, मग मोठं.

पायरी ३. नाव आणि साल यांचं गणित जुळतंय का बघा

हे काम मोबाईलवर बसल्या बसल्या होतं आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

बाजारात एक पाटी फार दिसते, केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७. आता ग्लासगोची केल्विन आणि लंडनची हेन्री ह्यूजेस या दोन वेगळ्या कंपन्या, त्या एकत्र आल्या १९४० च्या दशकात. म्हणजे १९१७ मध्ये हे नाव अस्तित्वातच नव्हतं. पाटी बघितली की नमस्कार करून पुढच्या दुकानात जायचं.

तसंच ईस्ट इंडिया कंपनी कोरलेलं बिनॅकल, बाजूला गोळ्यांसकट. कंपनीचं राज्य संपलं १८५८ ला, कंपनी कागदोपत्रीही विसर्जित झाली १८७४ ला, आणि हे गोळ्यांचे स्टँड रुळले थॉमसनच्या १८७६ च्या पेटंटनंतर. म्हणजे कंपनीने हे विकत कुठून घेतलं असेल ते तिलाच ठाऊक. टायटॅनिक १९१२ असं कोरलेल्या नगांबद्दल तर काही बोलायलाच नको.

खऱ्या मालावरची नावं उलट कामाला येतात. ग्लासगोचा जेम्स व्हाइट हा थॉमसनचा यंत्रं बनवणारा कारागीर. कार्डावर सर विल्यम थॉमसन असं नाव असेल तर नग साधारण १८९२ च्या आधीचा धरायला हरकत नाही, कारण त्या वर्षी त्याला लॉर्ड केल्विन ही पदवी मिळाली आणि पुढे तेच नाव छापायला लागले. केल्विन अँड जेम्स व्हाइट लिमिटेड असेल तर १९०० ते १९१३. केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड असेल तर १९१३ नंतरचा. ह्यूजेसवाल्यांचा छोटा ब्रँड हुसुन, बार्किंगच्या हेन्री ब्राउनचा सेस्ट्रेल, हॅम्बुर्गचा सी. प्लाथ, अमेरिकेत बॉस्टनचा रिची, ही सगळी विश्वासाची नावं. दुसऱ्या महायुद्धात तर लायोनेल या खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनेही नौदलासाठी होकायंत्रं बनवली, तेव्हा लायोनेल नाव बघून हसू नका, तो खरा माल आहे.

अक्षरं कशी कोरलीयत तेही बघा. जुन्या पाटीवरची अक्षरं बारीक, खोल आणि वर्षानुवर्षांच्या पॉलिशने कडा बोथट झालेल्या. नव्यात अक्षरं उथळ, एकसारखी, काळ्या रंगाने भरलेली, आणि स्पेलिंग चुकलेलं असलं तर बघायलाच नको. वाडग्यावर नंबर असेल तर तोच कार्डावर आणि स्टँडवर आहे का बघा. तिन्हीकडे वेगळा असेल तर तीन जहाजांतून जुळवलेला नग आहे, घ्यायला हरकत नाही पण भाव पाडा.

पायरी ४. खिशात साधं चुंबक घेऊन जा

फ्रिजवर चिकटवतात तसलं, जोरदार नको. आधी दुकानदाराला वाडगं बाहेर काढून लांब ठेवायला सांगा, कारण ताकदवान चुंबक कार्डाजवळ नेलं तर सुयांचं चुंबकत्व बिघडू शकतं.

आता स्टँडवरून चुंबक फिरवा. खऱ्या बिनॅकलमध्ये लोखंड फक्त तिथेच असतं जिथे ते मुद्दाम ठेवलेलंय. म्हणजे गोळ्यांना चिकटलं पाहिजे, फ्लिंडर्स बारला चिकटलं पाहिजे, आणि आतले चुंबकाचे दांडे सोडले तर बाकी कशालाच नाही. स्क्रू, बिजागऱ्या, दाराची कडी, तळाच्या पट्ट्या, सगळं पितळ किंवा गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू). शोभेच्या नगात बरोबर उलटं होतं, स्क्रूंना चटकन चिकटतं आणि गोळ्यांना नाही, कारण गोळे पोकळ पितळी पत्र्याचे रंगवलेले. एखाद-दुसरा स्क्रू लोखंडी निघाला तर घाबरू नका, कोणीतरी नंतर दुरुस्ती केली असेल. सगळेच लोखंडी निघाले तर दुकानदाराचा चहा प्या आणि निघा.

वजनानेही कळतं. ८ इंची भरीव लोखंडी गोळा एकटाच ३० किलोच्या वर भरतो. काही पोकळ असतात, तरी ते एका हाताने सहज उचलले जात नाहीत.

पायरी ५. वाडगं आणि कार्ड

इथे वेळ द्या, घाई करणारा दुकानदार असेल तर दुसऱ्या दिवशी या.

दोन जाती आहेत. कोरडं आणि द्रवाचं, म्हणजे वाडगं द्रवाने भरलेलं. थॉमसनचं कोरडं कार्ड बघण्यासारखं असतं, बाहेर ॲल्युमिनियमची पातळ कडी, मधल्या बिंदूपासून तिला रेशमी दोरे ताणलेले, त्यावर पतंगाच्या कागदासारखी पातळ कागदी पट्टी जिच्यावर दिशा छापलेल्या, आणि दोऱ्यांना खाली टांगलेल्या आठ बारीक सुया. १० इंच व्यासाचं कार्ड पण वजन जेमतेम १२ ग्रॅमच्या आसपास. इतकं हलकं का, तर खालच्या खिळीवर घर्षण कमी व्हावं म्हणून. ब्रिटिश नौदलाने हे १८८९ मध्ये आपलं मुख्य होकायंत्र म्हणून घेतलं, पण तोफा धडाडल्या की कार्ड थरथरायचं, म्हणून १९०६ पासून ते द्रवाच्या होकायंत्राकडे गेले. व्यापारी जहाजांवर मात्र कोरडं पुढेही बरीच वर्षं चाललं. जुन्या कार्डावर ३२ पॉइंट असतात, एक पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश, उत्तरेला कमळासारखं फूल. आकडे बहुतेक ० ते ९० असे चार तुकड्यांत. पूर्ण ० ते ३६० अंशांचं कार्ड दिसलं तर सहसा अलीकडचं.

कोरडं असेल तर काच काढून कार्ड अलगद उचला, रेशमाचे दोरे सगळे आहेत का मोजा, मध्ये खिळीवर टेकणाऱ्या टोपीत रत्न असतं ते भिंगातून बघा, चिरलेलं नको. मग खालची खिळी बघा, तिचं टोक सुईसारखं हवं. बोथट किंवा वाकलेलं असेल तर कार्ड अडखळणार.

मग चाचणी. वाडगं लाकडी टेबलावर ठेवा, आजूबाजूला लोखंड नको, मोबाईल खिशातून काढून लांब ठेवा. लबर लाइनसमोरचा आकडा वाचा. आता ते छोटं चुंबक हळूच जवळ आणून कार्ड १०-१५ अंश एका बाजूला वळवा आणि चुंबक झटकन लांब न्या. कोरडं कार्ड संथपणे हेलकावे घेत घेत थांबेल, द्रवातलं लवकर थांबेल. थांबलं की पुन्हा तोच आकडा यायला हवा, अर्धा-एक अंश इकडेतिकडे चालेल. मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करा. दोन्ही वेळा वेगळ्याच आकड्यावर अडकत असेल तर खिळी किंवा रत्न गेलंय. अजिबात उत्तरेकडे येतच नसेल तर सुया मेल्यात.

पायरी ६. बुडबुडा

द्रवाच्या होकायंत्रात काचेखाली बुडबुडा दिसणं ही सगळ्यात कॉमन तक्रार. वाटाण्याएवढा असेल तर चिंता नाही, रुपयाएवढा असेल तर कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा काचेखालचं रबर वाळलेलं असतं नाहीतर तळाशी तापमानाप्रमाणे फुगणारा-आकसणारा पातळ पत्रा असतो तो फाटलेला असतो.

भरण्याआधी आत काय आहे ते ओळखायला हवं. जुन्यात अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटरचं मिश्रण असतं, अल्कोहोल साधारण ४५ टक्के. नंतरच्या बऱ्याच नगांत हलकं खनिज तेल. हे दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत, कार्डावरचा रंग सोलून निघतो आणि द्रव गढूळ होतो. सिरिंजने एक थेंब काढा, पाण्याच्या ग्लासात टाका. विरघळला तर अल्कोहोल, वर तरंगला तर तेल.

मग वाडगं कुशीवर ठेवायचं, भरायचा स्क्रू वरच्या बाजूला येईल असं, स्क्रू उघडून सिरिंजने हळूहळू त्याच जातीचा द्रव सोडायचा, वाडगं हलकेच डोलवायचं म्हणजे कोपऱ्यातली हवा वर येते, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पुन्हा टॉप करायचं, वॉशर नवा घालून बंद. हार्डवेअरच्या दुकानातलं निळं-जांभळं स्पिरिट घालू नका, कार्ड रंगून बसेल. हे सगळं जमणार नाही असं वाटलं तर बंदराच्या शहरांत जहाजांची होकायंत्रं दुरुस्त करणारे आणि जुळवून देणारे लोक असतात, त्यांच्याकडे द्या, त्यांना हे रोजचं काम आहे.

मधेच एक धोक्याची गोष्ट, ही वगळू नका

साधारण १९६० पर्यंतच्या, खासकरून महायुद्धातल्या लष्करी नगांवर अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग लावलेला असू शकतो. विमानाची जुनी पी-८ सारखी होकायंत्रंही त्यातच आली. आकड्यांवर किंवा रेघेवर जाडसर, पिवळट-तपकिरी, पापुद्रे आलेला रंग दिसला तर संशय घ्या. आता चमकत नाही म्हणजे संपलं असं समजू नका, चमकवणारा पदार्थ जळून गेलेला असतो, रेडियम तिथेच असतं, त्याला निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. असा नग उघडायचा नाही, खरवडायचा नाही, फुंकर मारायची नाही. घ्यायचाच असेल तर काच शाबूत असलेला घ्या आणि मुलांच्या खोलीत ठेवू नका.

पायरी ७. घरी आणताना

वाडगं वेगळं, गोळे वेगळे, स्टँड वेगळा. कोरडं कार्ड खिळीवर ठेवून टेंपोने आणलं तर प्रत्येक खड्ड्यात खिळीचं टोक ठेचलं जातं, आणि आपल्या रस्त्यांवर किती खड्डे ते काय सांगायचं. कार्ड काढून सपाट डब्यात कापसावर. दाराच्या आतले चुंबक काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठल्या खाचेत कुठला, लाल टोक कुठल्या बाजूला. लाल म्हणजे उत्तरेकडे वळणारं, निळं दक्षिणेकडे. काढलेले चुंबक दोन-दोनच्या जोडीने, लाल-निळं उलट टोकांना ठेवून बांधा, म्हणजे त्यांची ताकद टिकते. दोन-तीन माणसं लागतात हे आधीच धरून चाला, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर चार.

पायरी ८. साफसफाई

पितांबरी, चिंच, लिंबू हे सगळं देवघरातल्या समईला ठेवा. वाडग्याच्या आत आकड्यांची कडी असते, तिच्यावर बऱ्याचदा चांदीचा पातळ मुलामा असतो, एकदा घासलीत की गेला, परत येत नाही. बाहेरच्या पितळाला मऊ कापड आणि कोमट साबणपाणी, लगेच कोरडं पुसायचं, हिरवा थर धरलेल्या कोपऱ्यात बांबूची काडी फिरवायची. आरशासारखं चमकवायचा मोह होतोच, पण खरी किंमत करणारे लोक काळपट झालेल्या पितळाला जास्त पैसे देतात.

लाकडाला मशीनचा पॉलिशपेपर लावू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, मास्क घाला आणि ओलं करूनच घासा. सागवान असेल तर जवसाच्या तेलाचा पातळ हात, दोन दिवसांनी मेण. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा दार उघडून आत कोरडं कापड फिरवा, कारण बाहेरून सगळं छान दिसतं आणि आत चुंबकांना गंज चढत असतो. तेलाचे दिवे मूळचे असतील तर ते पेटवून बघायची हौस नको.

पायरी ९. घरात उभं करणं, आणि ते उत्तर का दाखवत नाही

इथे बहुतेक लोक फोन करतात की नग खोटा निघाला, उत्तर चुकीची दाखवतोय. नग खोटा नसतो. स्टँडमधले चुंबक हे एका विशिष्ट जहाजाच्या लोखंडाला मारण्यासाठी मोजूनमापून ठेवलेले असतात, आता जहाज फुटून गेलंय आणि इलाज मात्र अजून चालू आहे. तेव्हा दिवाणखान्यात ठेवताना आतले आडवे-उभे सगळे चुंबक काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. फ्लिंडर्स बारचे तुकडेही काढा. गोळे शोभेसाठी ठेवायचे असतील तर ब्रॅकेटवर जितके बाहेर सरकतील तितके सरकवा, तरी ईशान्य, नैर्ऋत्य अशा मधल्या दिशांना थोडा फरक राहील, तो चालवून घ्या.

जागा निवडताना स्टीलचं कपाट, लिफ्टची भिंत, टीव्ही, मोठा स्पीकर यांच्यापासून लांब. आरसीसी इमारतीत भिंतीत आणि खांबात सळया असतातच, म्हणून खांबाला चिकटवून न ठेवता खोलीच्या मध्याकडे. बसवायच्या आधी नुसतं वाडगं हातात घेऊन खोलीभर फिरा, जिथे कार्ड कमीत कमी हलतं ती जागा.

आता आपल्या भागातल्या लोकांसाठी चांगली बातमी. खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यात फरक असतो आणि तो गावोगावी बदलतो. मुंबई-अलिबागकडे तो सध्या एक अंशाच्याही आत आहे, म्हणजे घरगुती कामाला शून्यच. अलिबागलाच तर चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ पासूनची. आधी हे काम कुलाब्याला चालायचं, पण मुंबईत विजेवर ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळा खाडीपार नेली.

दुसरी गोष्ट कलण्याची. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तरेला वळवत नाही, खालीही ओढतं, स्कॉटलंडमध्ये हा कल साधारण ७० अंश आणि आपल्या किनाऱ्यावर पंचवीस-सव्वीसच्या आसपास. ग्लासगोत तोललेल्या कार्डाच्या दक्षिण टोकाला तिथला कल सावरायला थोडं वजन दिलेलं असतं, ते इथे जास्त होतं आणि दक्षिण टोक किंचित खाली झुकतं. हा दोष नाही, उलट नग खरंच तिकडचा असल्याची एक खूण. कोरडं असेल तर उत्तरेकडच्या सुईच्या टोकापाशी मेणाचा बारीक थेंब लावून सरळ करता येतं, द्रवाचं असेल तर आहे तसं राहू द्या. भरीला आपल्याकडे आडवी ओढ ब्रिटनच्या जवळपास दुप्पट आहे, त्यामुळे थकलेल्या सुयाही इथे बऱ्यापैकी काम देतात.

पायरी १०. कागद

बिल घ्या, त्यावर वस्तूचं वर्णन आणि नंबर लिहून घ्या, जहाजतोडणीचा माल असेल तर जहाजाचं नाव मिळालं तर तेही. नाव मिळालं की इतिहास शोधता येतो. आणि मुलगा अमेरिकेत आहे, त्याला भेट पाठवू, असा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १०० वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला काढून ठेवा, कस्टम्सवाले विचारतात. विमानाने पाठवताना चुंबक आणि अल्कोहोल दोन्ही धोकादायक मालात धरतात, कुरियरवाल्याला आधी सांगा, नाहीतर पार्सल एअरपोर्टवरून परत येतं आणि भाडं तुमच्याच माथी.